पोत्यातल्या अन्नपूर्णा

माझ्या धाकट्या भावाच्या अमरावतीच्या घरात एक गणपती आहे, त्याला आंघोळ घालायला बंदी आहे. चांगला दोन हात उंच, पितळेचा, हॉलमध्ये टीव्हीशेजारी काचेच्या टेबलावर बसवलेला. पाणी लागलं की त्याचं वार्निश जातं, कुंकू लावलं की डाग पडतो, म्हणून भावजय रोज सकाळी त्याच्यावरून नुसता मऊ ब्रश फिरवते. येणारा-जाणारा वजन विचारतो आणि भाऊ ते दुप्पट करून सांगतो. मी एकदा टिचकी मारून पाहिली, तर आतून पोकळ. बडा घर, पोकळ वासा. त्या मूर्तीकडे मला बघवत नाही, आणि त्यात देवाचा काही दोष नाही.

ती अकोल्याच्या एका दुकानातून आली. जुनं पितळ द्या, नवी मूर्ती न्या, अशी तिथे सोय होती. भावाने घरातली परात, घागरी, समया नेल्या आणि त्या ढिगात आईचे देवही टाकले. त्यातच तिची अन्नपूर्णा गेली. आमच्याकडे लग्नात आई मुलीला हातात पळी घेतलेली बोटभर पितळी अन्नपूर्णा देते, आणि ती घेऊन मुलगी सासरी जाते. आईला तिच्या आईने दिलेली. साठ-पासष्ट वर्षं रोज चिंचेने घासून तिचे नाक-डोळे कधीच गेले होते. चेहराच राहिला नाही तर देव ठेवायचा कशाला, असं भावजयीचं म्हणणं.

आईला त्यांनी सांगितलं, देव पॉलिशला दिलेत. ऐंशी ओलांडलेली, डोळ्यांनी जवळजवळ आंधळी बाई. तिचा नेम एकच: अन्नपूर्णेला आंघोळ घालायची, तांदळात बसवायची, नैवेद्य दाखवायचा, मगच जेवायचं. देव नाहीत म्हटल्यावर ती चहावर राहू लागली. चार दिवसांनी भावाचा मला अकोल्याला फोन आला. "ताई, बुडी जिद्द करून राहिली. जेवतच नाई. तू समजाव न तिले." आपण काय केलं तेही त्याने सांगितलं, पण रद्दी विकल्यासारखं सहज. मी त्याला फोनवर जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

त्याच दिवशी दुकानात गेले. मालक म्हणाला, "पोतं मांगं हाये, पाहून घ्या बाई. उद्या-परवा भट्टीत जाईन." पोत्यात नळाच्या तोट्या होत्या, कुलपं, तराजूची पारडी, आणि मधून मधून देव. एक रांगता बाळकृष्ण समईच्या खांबात अडकून बसलेला. एका देवीच्या कपाळावर अजून कुंकू होतं, म्हणजे कुणीतरी सकाळी पूजा करून दुपारी तिला इथे आणलं होतं. मला किळस आली ती पोत्याची नाही, धुतलेले कपडे घालून ते भरायला आलेल्या माणसांची.

अन्नपूर्णा तीन निघाल्या. तिघींनाही नाक नव्हतं. तेव्हा मला कळलं, की आईची कोणती हे मला सांगता येत नाही. जन्मभर ती तिच्या हातात पाहिली, स्वतः एकदाही घासली नाही. "मले तं साऱ्या सारख्याच दिसते," मालक म्हणाला. मी अंदाजाने एक उचलली, दोन परत पोत्यात टाकल्या आणि अमरावतीची एसटी धरली.

"आई, हे घे तुयी अन्नपूर्णा. पालिश होऊन आली."

आईने ती हातात घेतली, पाठीवरून अंगठा फिरवला. "हे मायी नोय. मायीच्या पाठीले खाच हाये. तू रांगत होती तवा तुनंच फेकली होती उंबऱ्यावर."

मग मला खोटं रेटवेना. पोतं, तोट्या, भट्टी, एवढं सांगून टाकलं. भाऊ दारात मोबाइलमध्ये तोंड घालून उभा होता. "अन्नपूर्णा ते अन्नपूर्णा. काय फरक पडते?" म्हणाला. त्याच्या कानाखाली एक ठेवून द्यावीशी वाटली. साठीच्या माणसाला हे कोण शिकवणार?

आईने तपेल्यात कोमट पाणी मागितलं, चिंच मागितली. "लय दिसाची आंघोळ नाई व इले," म्हणत त्या परक्या अन्नपूर्णेला बराच वेळ घासलं, पुसलं, तांदळात बसवलं. वरण-भाताचा नैवेद्य दाखवला आणि स्वतः जेवायला बसली. दोन घास खाल्ले आणि तिचा हात थांबला.

"कोन्या बाईची असन व? तिबी उपाशीच बसली असन." आणि मग, "अजून होत्या काय तिथी?"

"नाई. हे एकलीच होती."

"बरं झालं," ती म्हणाली आणि समाधानाने पोटभर जेवली. तिच्या ताटात भात वाढताना मला माझीच शिसारी आली.