दादांबरोबरचा इंदुरीचा मुक्काम

ही एकोणीसशे साठच्या आसपासची गोष्ट. माझे वडील लोणावळ्याला रेल्वेत होते. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. रजा काढून फिरायला जाणारा हा माणूस नव्हे. म्हणून एका हिवाळ्यात ते म्हणाले, "चल, आपण दोघंच नदीवर मुक्कामाला जाऊ," तेव्हा मी आनंदानं वेडी झाले. मी अकरा वर्षांची होते. आई बाळंतपणापासून अंथरुणातच असायची, त्यामुळे धाकट्या बहिणीला दिवसभर मीच कडेवर घेऊन फिरायची.

"हिलाही नेऊ या," मी म्हटलं.

"नदीवर गारठा असतो. आत्या येणार आहे, ती बघेल."

तळेगावला उतरून आम्ही चालत इंदुरीच्या पुढं गेलो. नदीकाठच्या करंजांना दादांनी ताडपत्री बांधली, वाळूत झरा उकरून प्यायचं पाणी काढलं. घरी साधा चहाही न करणाऱ्या त्या माणसानं तीन दगडांच्या चुलीवर पिठलं केलं. दुपारी पोटाखाली हात धरून मला पोहायला शिकवलं. मी इतकी हसले की नाकातोंडात पाणी गेलं.

शेजारच्या मळ्यातले आबा वांगी घेऊन आले. मी त्यांना कौतुकानं सांगितलं, "आमच्या बाळाला दोन दात आलेत."

"मंग तिला का न्हाई आनलं? आनायची की. हितं लय मोकळी हवा हाय," आबा म्हणाले.

दादांनी मान खाली घालून चुलीतलं लाकूड पुढं सारलं.

दुसऱ्या दिवशी मला बाळाची आठवण यायला लागली. घरी जाऊ म्हटलं, तर दादा म्हणाले, "अजून एक दिवस राहू." इतक्या मायेनं ते माझ्याशी कधी बोलले नव्हते. मी राहिले.

घरी आलो तर आत्या गेली होती. बाळाची झोळी सोडलेली. आई भिंतीकडं तोंड करून पडली होती.

"बाळ कुठंय?"

"आत्याला दिली," दादा म्हणाले. "तिला मूल नाही. तुझ्या आईच्यानं आता होत नाही."

"मग परत कधी आणायची?"

"आणायची नाही. ती आता त्यांची."

"मला का नाही सांगितलं?"

"तू सोडली असतीस का तिला? म्हणून तर तुला घेऊन गेलो."

अगदी सरळ आवाजात सांगितलं त्यांनी. शेजारपाजारच्यांनाही ठाऊक होतं, असं नंतर कळलं. ते पिठलं, ते पोहणं, तो लाड, सगळं मला घराबाहेर ठेवण्यासाठी होतं. मी आईच्या पायाशी बसून रडले. तिनं कूस बदलली नाही.

मे महिन्यात आत्या बाळाला घेऊन आली. मी हात पुढं केले. तिनं आत्याच्या खांद्यात तोंड लपवलं.

पुढं ती चांगली शिकली, सुखात राहिली. तिला सगळं माहीत आहे. "ताई, माझं काही वाईट झालं नाही गं," ती म्हणते. खरंच आहे ते. तिला दिली याचा राग माझा कधीच निवला. पण मला हसवून फसवलं, ते काही जात नाही.

माझं लग्न ठरलं तेव्हा दादा एकदा हौसेनं म्हणाले, "नदीवरचं आठवतं का गं? किती हसली होतीस!"

मी "हो" म्हटलं आणि उठून आत गेले.