गार पाण्याची तपासणी

नंदुरबारच्या दवाखान्यात मी कानाच्या तपासण्या करते. कानात गार पाणी सोडलं की धडधाकट माणसाला गरगरायलाच हवं, डोळ्यांची बुबुळं आपोआप हलायलाच हवीत. हे मी तेव्हा आधी सांगत नसे. लोक घाबरून उठून जात.

म्हसावदचे एक काका चालताना तोल जातो म्हणून आले. उजव्या कानात पाणी सोडताच त्यांनी पलंगाची कड धरली, ओकले आणि मला शिव्या घातल्या. मग डाव्या कानात सोडलं. बुबुळं जागची हलली नाहीत. मी बर्फाचं पाणी घेतलं. तरीही नाही.

काका खुशीत म्हणाले, “ताई, हाऊ कान मन्हा एकदम चांगला शे.”

त्यांच्या बायकोने हात जोडले आणि उजव्या कानाला औषध मागितलं. मी डॉक्टरांसाठी लिहीत होते: डावी नस निकामी, गाठ असावी.