परत आलेली ओटी
संत्र्याच्या सालीचा तिखट फवारा नाकात गेला की मी अजूनही कोचीच्या धक्क्यावर उभी असते. आई, बाबा आणि मी मुंबईहून क्रूझवर निघालो होतो. आई समुद्र पहिल्यांदाच बघणार होती, तेव्हा त्याची ओटी भरणं आलंच. मुंबईच्या विमानात हातातल्या सामानात नारळ नेऊ देत नाहीत, म्हणून तिनं नागपूरहून नारळाच्या जागी संत्रं घेतलं. गोव्याच्या बंदरात उतरल्यावर ते हिरव्या खणात बांधून तिनं पाण्यात सोडलं. "जितके आलो तितके घरी जाऊ दे बाप्पा," ती म्हणाली. पुढं जहाज कोचीला लागलं. भर दुपार होती, वारा अगदी पडलेला, आणि धक्क्याच्या शेवाळलेल्या पायरीशी एक हिरवं गाठोडं डुलत होतं. तोच खण, आईचीच दुहेरी गाठ. सोडलं तर आतलं संत्रं कोरडं ठणठणीत. "त्यानं घेतलंच नाही वं पोरी," आई पुटपुटली. बाबा हसले. "काहून भेऊन राहिल्या वं? फळच तर आहे," म्हणत त्यांनी ते सोललं आणि आईनं हात धरेपर्यंत संपवलंही. "मस्त गोड आहे!" बिया त्यांनी खिशात टाकल्या. आम्ही तिघंही सुखरूप परतलो. बाबांनी त्या बिया नागपुरात धरमपेठच्या आमच्या अंगणात पेरल्या. त्यातल्या एकाच रोपानं जीव धरला, आणि इतक्या वर्षांनी आज त्याचं पहिलं फळ मी सोललं आणि एक फोड तोंडात टाकली. "कसं आहे वं?" बाबांनी खुर्चीतूनच हात पुढे केला. मी फोडीतून तोंडात भरलेलं समुद्राचं खारट पाणी कसंबसं गिळलं आणि उरलेलं संत्रं पाठीमागं लपवलं.