सरळ चालणारा बैल

मंदाताई गेल्याचं मला कळलं ते सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. दवाखान्यातून पुतण्याचा फोन यायच्या आधीच सेक्रेटरीबाईंचा निरोप आला होता... कमळाचं फूल, पणती, आणि खाली ‘टाकाऊतून टिकाऊच्या राणीला भावपूर्ण श्रद्धांजली’. माणूस गेल्यावर लोकांना इतकी घाई कशाची असते कोण जाणे. माझी सख्खी थोरली जाऊ ती, आमच्याच बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर राहायची. राणीबिणी काही नव्हती, आणि टिकाऊ तर तिनं जन्मात काही केलं नाही. तिच्यासमोर बसून पोरांनी केलेले बैल संध्याकाळपर्यंत उभे राहिले तरी पुष्कळ. मी फोन खाली ठेवला तर पुढ्यात पाच वर्षांची नात, ओवी. घरात कोण गेलं हे तिला समजलं होतं, पण तिचा प्रश्न वेगळाच... “मग माझ्या बैलाचं काय?” यंदाच्या तान्ह्या पोळ्याला तिचा पहिला बैल मोठ्या आजीजवळ बसून व्हायचा ठरला होता ना.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लहान पोरं चाकांचे बैल ओढत दारोदार जातात, बाया ओवाळतात, हातावर बोजारा म्हणून नाणं नाहीतर खाऊ ठेवतात. एवढाच तो सण. पण मंदाताईचा कायदा होता. बैलात विकतचं काही नको आणि मोठ्यांचा हात नको. वर्षभर ती रिकामी रिळं, करवंट्या, औषधाच्या गोळ्यांची चंदेरी पाकिटं, साडीचे फाटके काठ साठवायची. रिळांची चाकं, करवंटीचं वशिंड, काठाची झूल. नमुना नाही, चित्र नाही. बिल्डिंगमधली पाच-सहा पोरं तिच्या खोलीत फरशीवर बसायची आणि जे निघायचं ते कधी डुकरासारखं, कधी कुलरसारखं. पोरगं म्हणेल तो बैल. मी तेव्हा नाक मुरडायची. भिकारचोट धंदे म्हणायची, खोटं कशाला बोलू.

मग इथे शिकलेले लोक राहायला आले. त्यांनी त्याच कचऱ्याला ‘क्रिएटिव्हिटी’ म्हटलं आणि त्याची स्पर्धा काढली. ‘घरी केलेला बैल’ असा गट, परीक्षक धरमपेठेतून आणलेल्या, गळ्यात मोठमोठे लाकडी मणी घातलेल्या. आया ऑफिसातून रजा घेऊन बैल करायच्या, बाप शिंगं तासायचे, आणि ज्याच्या नावाचा बैल ते पोरगं टीव्हीसमोर कुरकुरे खात बसलेलं. ह्या लोकांना पोरांना हरू द्यायची एवढी भीती काय म्हणून वाटते? हसू येतं मला. पण ह्या हसण्याला तोंड नाही माझं, कारण सगळ्यांत मोठं ढोंग मीच केलं.

मोठी नात सई तेव्हा पाचची. मी गांधीबागेच्या बाजारातून सुबक लाकडी बैल आणला. त्याची मखमल फाडली, पॉलिश सुरीनं खरवडलं, एका शिंगाचं टोक मोडलं, वरून गेरू फासला आणि फाटका काठ बांधला. पहिला नंबर आला. सई बैल घेऊन खाली गेली, मी मागे. मंदाताईनं दोरी धरून बैल फरशीवर ओढला, पुन्हा ओढला.

“शैले, पाच वर्षांच्या पोरीचा बैल सरळ काहून चालून राहिला वं?”

“चालला नशिबानं.”

“नशिबाले रंधा मारता येते काय?” आणि हातात ओवाळायचं ताट धरूनच तिनं झडती, म्हणजे पोळ्यात म्हणतात ते टोमण्याचं गाणं, म्हटली,

“बैल आणला दुकानातून, झूल लावली जरीची,
बैल विचारे मालकाले, तुही ओळख कुठल्या घरची?”

बाकीची पोरं खिदळत ओरडली, हर बोला हर हर महादेव. तिनं सईला ओवाळलं, हातावर बोजारा ठेवला. बैलाला नाही ओवाळलं. “पोरगी आपली हाये. बैलाची अन् माही ओळख नाही.”

दिवाळीपर्यंत मी तिच्याशी बोलले नाही. सई मात्र दुसऱ्याच दिवशी आपणहून तिच्याकडे जाऊन बसली. संध्याकाळी करवंटीचा एक बैल घेऊन माझ्या दारात उभी, सण उलटून गेला तरी. बैल उभा राहीना, म्हणून तिनं तो कडेवर घेतलेला. “बोजारा दे, आजी.” मी म्हणाले, “हे काय ध्यान?”... ती तशीच आत निघून गेली.

यंदा सेक्रेटरीबाई आल्या. स्पर्धेला मंदाताईंचं नाव द्यायचं, मी दोन शब्द बोलायचे, आणि प्रत्येक मुलाला बैलाच्या सामानाचा तयार डबा, चिकटवायच्या खड्यांसकट. मी म्हटलं, “नाव द्यायचं तर डबे परत पाठवा.” त्यांना वाटलं मी गंमत करते. मी भाषणाला गेले नाही. त्यांना माझी उणीव भासली असेल असंही वाटत नाही, माईक होता ना.

मी ओवीला घेऊन मंदाताईच्या खोलीत फरशीवर बसले. दहा वर्षांची सई दाराशी. ओवीनं एक शिंग कपाळावर लावलं आणि दुसरं शेपटीजवळ न्यायला लागली. माझा हात आपसूक पुढे गेला.

“आजी, हात मांडीखाली घे,” सई म्हणाली. “मोठी आजी तशीच बसायची.”

मला हे माहीतच नव्हतं. पोरांचं काम चालू असताना मी त्या खोलीत कधी बसलेच नव्हते. मला वाटायचं, तिला जमतं बाई, तिचा स्वभावच तसा... म्हणजे तिचेही हात शिवशिवत होते तर. इतकी वर्षं, दर पोराच्या वेळी.

मी दोन्ही हात मांडीखाली घातले. ओवीनं शिंग शेपटीजवळ धरून पाहिलं, पाठीवर धरून पाहिलं, पोटाखाली धरून पाहिलं. बराच वेळ लागला तिला. माझ्या हातांना मुंग्या आल्या. मी ते बाहेर काढले नाहीत.