गुरुवारचा ठोका

बायको जाऊन सव्वा वर्ष झालं. तेव्हापासून संध्याकाळी मी गच्चीवर बसतो. खाली टीव्ही चालू असतो आणि टीव्हीतली माणसं फार बोलतात. गच्चीवर पाण्याची टाकी आहे, तिनं डब्यात लावलेली कोरफड आहे आणि कपडे वाळत घालायची तार आहे. तार मीच बांधली. एक टोक टाकीच्या अँगलला, दुसरं जिन्याच्या दाराच्या कडीला.

श्रावणात एकदा या तारेपाशी मला ती दिसली. कपडे काढत होती. मी खाली जाऊन सरळ सांगून टाकलं, कारण माझ्या पोटात काही राहत नाही. मुलगा दुसऱ्या दिवशी मला डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरनं महिना कुठला ते विचारलं, वार विचारला, शंभरातून सात वजा करा म्हणाला. मी म्हटलं, मी चौथी पास माणूस, वजाबाकी मला तेव्हाही येत नव्हती. त्यानं गोळ्या लिहून दिल्या.

तेव्हापासून घरात माझ्या बोलण्याला वजन राहिलं नाही. गॅसचा वास येतोय म्हटलं तर सून आधी माझ्याकडे बघायची आणि मग गॅसकडे. तिचा राग नाही. मीच मनातून टरकलो होतो. मी बत्तीस वर्षं डोळ्यांच्या जिवावर भाकरी खाल्ली. इथंच भोसरीत हॅमर शॉपला भट्टीवर होतो. लोखंडाचा तुकडा तापून तयार झाला की नाही ते रंगावरून ओळखायचं आणि मगच तो बाहेर ओढून हॅमरखाली द्यायचा. पुढं साहेबांनी उष्णता मोजायचं यंत्र आणलं, तर पहिले काही दिवस ते यंत्र माझ्या डोळ्याशी ताडून बघत होते. तोच डोळा आता खोटं दाखवत असेल, तर मग माझ्यापाशी राहिलं काय?

म्हणून ठरवून टाकलं होतं. यापुढं काहीही दिसो, तोंड उघडायचं नाही.

दिवाळी होऊन आठवडा झाला होता. गुरुवार होता. सून चाकणला गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कंपनीत तपासणीला आहे, तिला त्या दिवशी सुट्टी. मुलाच्या कंपनीची सुट्टी रविवारी, म्हणून तो दुसऱ्या पाळीला गेलेला. दिवे लागायची वेळ झाली होती. मी टाकीला टेकून बसलो होतो.

आणि गच्चीवर माझी सावली पडली.

दिवा तर लावला नव्हता. सावली पडली आणि सरकायला लागली, तारेची सावलीही सरकली. वर बघतो तर टाकीच्या डोक्यावरून एक गोळा चाकणच्या अंगाला चाललेला. आधी वेल्डिंगसारखा पांढरा. मग कडेनं हिरवा झाला, तांबं जळताना होतं तसा. मग हॅमरखाली घालायच्या लोखंडासारखा नारिंगी. शेवटी त्याचे दोन तुकडे झाले, दोन्ही लाल पडले आणि विझले. आवाज काही नाही. मागं धुराची एक रेघ राहिली, तीही वाऱ्यानं वाकडी झाली.

मी हसलो. एकटाच, मोठ्यानं. सव्वा वर्षात तसा हसलो नव्हतो. कसलं देखणं होतं ते! उठलो आणि जिन्याकडे तोंड करून बायकोला हाक मारणार, तोंड उघडलंसुद्धा, तेव्हा लक्षात आलं. मग खाली बसलो आणि तंबाखू मळली.

बसून राहवेना. जिना उतरलो तो थेट गल्लीत. दुकानापाशी चार जण उभे होते, त्यांना विचारलं, वर काही दिसलं का. ते म्हणाले, कुणीतरी दिवाळीचं उरलेलं रॉकेट उडवलं असेल. मी म्हटलं, अरे, रॉकेट खालून वर जातं. त्यावर एक जण म्हणाला, "आजोबा, चायनाचं असेल, ते वरून खाली येतं." सगळे हसले. मी त्याला दोन शब्द सुनावले, ते इथं लिहीत नाही.

घरात सून भाकरी थापत होती. ठरवलेलं सगळं विसरून मी तिला सांगून बसलो. तिनं माझ्याकडे बघितलं, आणि मला वाटलं, झालं, पुन्हा डॉक्टर. पण तिनं भाकरी उलटली, तव्यावरून काढली, गॅस बंद केला, हात धुतले आणि म्हणाली, "मामा, चला वर. कुठून कुठं गेलं ते दाखवा."

आमच्याकडे सून सासऱ्याला मामाच म्हणते आणि सासूला आत्या. मी तिला तोंडावर विचारलं, तुझा विश्वास बसला का.

"विश्वासाचं मला माहीत नाही," ती म्हणाली. "कंपनीत आम्ही दिसलं ते लिहितो, वाटलं ते लिहीत नाही. तुम्हाला दिसलं ते सांगा."

तिनं मोबाईलवर शोधून काढलं. असं काही दिसलं तर कळवायची जागा असते, हे मला कुठं ठाऊक होतं? फॉर्म इंग्रजीत होता. ती एकेक प्रश्न मराठीत विचारायची आणि मी उत्तर द्यायचो. कुठं उगवला? हात लांब करून मूठ धरायची आणि कठड्यापासून वर किती मुठी ते मोजायचं. मी मुठीवर मूठ रचत गेलो. दिशा तारेनं सांगितली. गोळा तारेला धरूनच गेला होता, मग तारेखाली मोबाईल ठेवून तिनं त्यातल्या होकायंत्रावर दिशा बघितली. रंग विचारल्यावर मी सगळे ओळीनं सांगितले. ती म्हणाली, हळू सांगा, मला लिहायचंय.

मग किती वेळ दिसला ते आलं. मी म्हटलं, सहा ठोके.

"कसले ठोके?"

आमच्या हॅमरचे. मोजले नव्हते, पण ते अंगात बसलेत, जेवतानासुद्धा आपोआप मोजले जातात. मी टाकीवर हातानं सहा ठोके दिले आणि तिनं मोबाईलवर वेळ लावली. पाच सेकंदांना थोडे कमी. तिनं आणखी दोनदा द्यायला लावले. दोन्ही वेळा तोच आकडा.

ती मोबाईलकडे बघत राहिली. "मामा, आमचं मशीनसुद्धा तीनदा एकच आकडा देत नाही."

माझी छाती फुगली, खोटं कशाला सांगू.

पुढचा प्रश्न आवाजाचा. मी म्हटलं, आवाज नाही. ती म्हणाली, तेव्हाचा नाही, नंतर काही आला का? मी म्हटलं, न्हाई. नंतर तंबाखू तोंडात टाकताना एक हॅमर पडला तेवढाच. लांब, जड, पायाला कळला. पण ते काय, भोसरीत हॅमर पडतातच.

ती लिहायची थांबली.

"मामा, आज गुरुवार आहे."

गुरुवारी इथं कारखान्यांना विजेची सुट्टी, सगळे हॅमर बंद. बत्तीस वर्षं गुरुवारी घरी झोपलेला माणूस मी, आणि मला ते सुचलं नाही! तो ठोका वरचा होता. त्या गोळ्याचा, विजेमागून गडगडाट येतो तसा मागून आलेला.

आता तो किती वेळानं आला हे पाहिजे होतं. दिसल्यावर मी उभा राहिलो, हाक मारायला निघालो, बसलो, तंबाखू मळली. माझी तंबाखू तिला मुळीच खपत नाही, दोनदा डबी लपवून ठेवलीय तिनं. त्या संध्याकाळी तीच म्हणाली, "काढा डबी. तश्शीच मळा, घाई करू नका."

मी उठलो, जिन्याकडे तोंड केलं, थांबलो, बसलो. तेव्हा कुणाला हाक मारायची होती, ते तिनं विचारलं नाही. चुना लावला, मळली, झटकली, तोंडात टाकली. दोन मिनिटं आणि वर थोडं. तिनं तेच लिहिलं. मग डबी उचलून स्वतःच्या पिशवीत टाकली.

रविवारी मुलगा घरी असताना फोन आला. असल्या उल्कांच्या नोंदी गोळा करणारा माणूस होता, मराठी बोलणारा. काका, काका करत होता. चाकणच्या पलीकडं, राजगुरुनगरपासून पुढच्या पुष्कळ लोकांनी तो गोळा बघितलाय म्हणाला, तो तिकडंच कुठंतरी वरच्या वर विझला. आवाजही काहींनी ऐकला, पण फटाका समजून सोडून दिला. त्याचा वेळ धरून सांगणारे तुम्हीच, म्हणाला. त्यानं रंग पुन्हा विचारले, मी पुन्हा सांगितले. मग विचारलं, काका, इतकं नेमकं कसं सांगता? मी म्हटलं, बत्तीस वर्षं भट्टीवर होतो, तिथं चुकलं तर माल वाया जायचा.

सुनेनं फोन स्पीकरवर ठेवला होता. मुलगा भिंतीला टेकून ऐकत होता. फोन झाल्यावर तो माझ्यासमोर येऊन बसला आणि म्हणाला, "बाबा, मला पण सांगा ना. पहिल्यापासून." मी पहिल्यापासून सांगितलं. हिरव्यापाशी आल्यावर त्यानं थांबवलं आणि परत विचारलं, लहानपणी गोष्टीत विचारायचा तसं.

त्याच संध्याकाळी सून गच्चीवर आली. कोरफडीला पाणी घातलं. मग तारेपाशी उभी राहून विचारलं, "मामा, श्रावणात आत्या दिसल्या, तेव्हा साडी कुठली होती?"

तिच्या हातात मोबाईल नव्हता.

"जांभळी," मी म्हटलं. "काठ विटलेली."

"किती वेळ?"

"दोन ठोके. जास्त न्हाई."

"काही बोलल्या?"

हे मी डॉक्टरलाही सांगितलं नव्हतं. "म्हणाली, तार ढिली झालीय. तुम्हाला कितीदा सांगायचं."

सून हसली. मीही हसलो, कारण अगदी तशीच बोलायची ती, माझ्या कामात खोट काढल्याशिवाय तिचा दिवस जायचा नाही. हे आम्ही कुणाला कळवलं नाही. सुनेनं तारेवर बोट दाबून बघितलं. तार वीतभर खाली गेली. मी पक्कड आणायला उठलो, तर ती म्हणाली, तुम्ही बसा, मी ओढते, तुम्ही फक्त सांगा किती ते. तिनं ओढली. मी म्हटलं, अजून. परत ओढली. मी म्हटलं, अजून थोडी, तिला पसंत पडली पाहिजे.