सुगंधाबाईंचं नाक

अमळनेरच्या सराफ बाजारात सुगंधाबाईंनी तीस वर्षं लोकांची नाकं-कानं टोचली, आणि टोचून झालं की शिव्या घातल्या. "हात नको लावू! दोन वेळा मिठाच्या कोमट पाण्यानं पुसायचं. हळद नाही, तेल नाही. खडा फिरवायचा नाही, चार महिने बदलायचा नाही." गिऱ्हाईक मान डोलवायचं आणि पायरी उतरताच कान चाचपायचं. "मेल्या, हात तोडू का?" आतून आवाज यायचाच.

नवरा वारला त्या दिवशी नणंद झुंबरबाईनं त्यांच्या नाकातली नथ काढून डबीत घातली. तेव्हा त्यांनी ती काढू दिली. पण लेक कामिनीचं लग्न ठरलं आणि बाईंनी आरशासमोर बसून बुजलेलं नाक स्वतःच टोचलं. झुंबरबाई किंचाळली, "विधवा बाई तू! लोके काय म्हनतीन?"

"नवरा गया, मनं नाक थोडंच गयं?"

लग्नाला दोनच महिने होते आणि नियम चार महिन्यांचा. पण नियम काय, गिऱ्हाइकाला सांगायचे असतात! बाई येता-जाता खडा फिरवायच्या, रोज नथ अडकवून बघायच्या. लग्नाला दहा दिवस उरले असताना मसाल्याच्या मिरच्या कुटता कुटता बोट नाकाकडे गेलंच. आई गं! दुसऱ्या दिवशी नाकाचं वांगं झालं.

डॉक्टर हितेंद्रचे कान लहानपणी यांनीच टोचलेले. तो म्हणाला, "अक्का, पू झालाय. गोळ्या पूर्ण घ्या. खडा काढू नका, भोक बुजलं तर पू आत कोंडेल. मिठाच्या पाण्यानं..."

"माहितीये मला!"

"मग हात का लावला?"

बाई चिठ्ठी उचलून पायरी उतरल्या. नथ आता विसरायची. घरी येऊन त्या पोटभर रडल्या. ती नथ त्यांना हवी होती, फार हवी होती.

रडून झाल्यावर उठल्या आणि नथेला चाप बसवून आणला. चापाच्या नथेला जन्मभर नावं ठेवली, पण आता इलाज नव्हता.

लग्नात डाव्या नाकपुडीत खडा, उजव्या नाकपुडीवर नथ. झुंबरबाई तरातरा आली आणि कपाळावर हात मारून घेतला. "अवं वहिनी, नथ उजवीकडे घालस का कोनी?"

मग काय, मांडवभर तोच वाद. डावं की उजवं? एक आजी म्हणाली, तिच्या माहेरी उजवीकडेच घालतात. विधवेनं नथ घातली, हे बोलायचं सगळ्यांचं राहूनच गेलं.

नथ जरा तिरकी झाली होती. झुंबरबाईनं ती सरळ करायला हात पुढे केला. त्या बाजूला जखम नव्हती. सुगंधाबाईंनी हात लावू दिला.