अम्मीची गादी आणि उघडी दारं

या, अशा जवळ सरकून बसा. आणि आधी थोडं रागवू द्या मला. जमीन हलल्याची बातमी आली की घडीभर मोबाईलवर बोलता, 'आपल्याकडं काही होत नाही' म्हणता आणि वरच्या फळीवर पितळेचे हंडे रचून त्याच फळीखाली बिनघोर झोपता. आमच्या बोरी अरबच्या गल्लीत शकीलाआपानं तुम्हाला असं झोपू दिलं नसतं. स्वतः शिडी लावून हंडे उतरवले असते.

ती गेली त्याला महिना होत आला. सकाळी मी मिरच्यांचे देठ खुडत बसले होते, तर तिचा नवरा, रहमानभाई, दारात येऊन उभा राहिला. "भाभी, शकीला उठूनच नाही राह्यली," एवढंच बोलला. झोपेतच गेली होती... सगळ्या गल्लीला धावायला लावणारी बाई, स्वतः मात्र जराही गडबड न करता गेली.

तिचं घर पिंजाऱ्याचं. कापूस पिंजायचा, गाद्या-उशा भरायच्या. गल्लीत तिनं न भरलेली उशी सापडायची नाही. एकदा दारव्ह्याहून एक मॅडम आल्या, भूकंपात काय करायचं ते शिकवायला. त्यांच्या चित्रांत समुद्राची मोठी लाटही होती. "मॅडम, इथं नळाले पाणी येत नाही, लाट कुठून येईन?" आपानं विचारलं, तशा मॅडमही हसल्या. मग पाठ सुरू झाला. डोकं झाकून पलंगाखाली, थरथर थांबली की बाजाराच्या मैदानात. शिट्टी वाजली, आम्ही बाया बाहेर आलो, आणि काय केलं असेल? प्रत्येकीनं दाराला कुलूप लावलं! घराबाहेर पाय टाकायचा म्हणजे कुलूप, हाताला सवयच ती. आपा तर किल्ली कमरेला खोचून ऐटीत मैदानात आली. "घरात कोणी राहिलं का?" मॅडमनी विचारलं, आणि आपाचा चेहरा पांढराफटक पडला. तिची सासू, साऱ्या गल्लीची अम्मी, पायानं अधू म्हातारी, आत बाजेवर होती. दार उघडलं तर अम्मी म्हणते, "काहून वं, मले कोंडून भूकंप पाहाले गेलती का?"

गल्ली कितीतरी दिवस हसली. आपाही हसली, पण तिच्या डोक्यात एकच गोष्ट घर करून बसली. दिवसा पुरुष कामावर; जमीन खरंच हलली तर अम्मीला बाहेर कोण काढणार? आम्हीच. पुढच्या खेपेला चौघींनी बाज उचलली, ती दारातच अडकली. आम्ही निम्म्या आत, निम्म्या बाहेर. "न्यायचं नसन तं चहा तरी द्या," अम्मी ओरडली. त्यावर आपानं खोळीच्या जाड कापडाची एक अरुंद गादी शिवली आणि चारी कोपऱ्यांना हात घालून धरता येतील असे पट्टे लावले. अम्मीला रोज त्याच गादीवर निजवायची. पण आधी स्वतः गादीवर आडवी झाली. "मले उचलून पाहा, मी अम्मीच्या दुप्पट हाय." आमच्या कमरा धरल्या, पण गादी फाटली नाही. मग दर महिन्याला, बाजाराच्या दुसऱ्या दिवशी, आपा शिट्टीऐवजी लाटण्यानं परात वाजवायची. कोपऱ्यावरचे रिकामटेकडे टोमणे मारायचे, "आपा, आज केवढा भूकंप?" आपा म्हणायची, "तुही बायको मैदानात पोहचली, तू बस पान चघळत."

आणि एका दुपारी खरंच हललं. पायाखालून भरलेला ट्रक गेल्यासारखं. मी आपाकडंच बसले होते. तिनं अम्मीच्या डोक्यावर उशी धरली नि स्वतः वर वाकली, मी पलंगाखाली. थरथर थांबली, शेजारच्या दोघी धावत आल्या, चार पट्टे चार हातांत, आणि एका दमात दाराबाहेर! मैदानात टेकतो न टेकतो तोच धप्पकन आवाज झाला. आपाच्या घराच्या मागच्या मातीच्या भिंतीचा कोपरा सरळ अम्मीच्या बाजेवर उतरला होता.

मी वळून गल्लीकडं पाहिलं. एकाही दाराला कुलूप नव्हतं. सगळी दारं सताड उघडी! माझ्या घरात शेळी शिरून भिजवलेली कणीक फस्त करून गेली, ते वेगळं. आपा मैदानात उभी राहून हसत होती, डोळ्यांतून पाणी गळत होतं. मला म्हणाली, "विमलबाई, जिंकलो ना वं आपण!"

ती गेल्यावर परात कोणी वाजवेना. हातच उठत नव्हता. बाजाराचा दुसरा दिवस उगवला, दुपार झाली, आणि आतून अम्मीचा खणखणीत आवाज आला, "काहून वं पोरींनो, शकीला गेली म्हणून मले इथंच ठेवता का? उचला!" आम्ही धावलो. मैदानात पोचल्यावर अम्मीनं गादीवरूनच एकेका घराचं नाव घेत हजेरी घेतली, थेट आपाच्या ठसक्यात... आता हुकूम तिचाच चालतो. डोक्याकडचा उजवा पट्टा आपाचा होता. तो ज्या दिवशी जो पाहुणा येईल त्याच्या हाती द्यायचा, असं अम्मीनं ठरवलंय. म्हणजे तो आपल्या गावी जाऊन शिकवेल. तेव्हा एकदा आमच्या गल्लीत या. चहा करते. पट्टा मोकळा आहे, लौकर या.